दार उघडलं, पण बाक रिकामे : यंदा नाताळच्या उपासना कशा घ्याव्यात?

पांढरी_माती
२१ नोव्हेंबर २०२१, रात्री ९:४०

सर्वांना सलाम.

अचलपूर तालुक्यातलं आमचं गाव. गावाबाहेर मिशनच्या काळातलं दगडी चर्च आहे. मंडळी लहान, आसपासच्या सहा-सात गावांतली मिळून साठेक घरं. बहुतेक शेतकरी नि शेतमजूर, थोडे शिक्षक, दोन-तीन नर्सबाई. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या आहेत, त्यामुळे इथल्या चाव्या, हिशेबाची वही आणि घंटा माझ्याकडे असते.

७ ऑक्टोबरला सरकारने प्रार्थनास्थळं उघडली. घटस्थापना होती. गावात देवीच्या मंडपाची लगबग चालली होती आणि मी इकडे गंजलेल्या कुलपात तेल सोडत होतो. दार एप्रिलपासून बंद होतं. आत वाळवीने गीतांच्या पुस्तकांचं अर्धं कपाट खाल्लेलं, पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला, मागच्या खिडकीत साळुंकीचं घरटं. दोन दिवस बायामाणसांनी मिळून झाडलोट केली. पेटी दुरुस्तीला परतवाड्याला पाठवली.

१० तारखेच्या पहिल्या रविवारी घंटा दिली, तर १९ माणसं आली. पुढच्या रविवारी २४. आज २६. टाळेबंदीच्या आधी साध्या रविवारी शंभराच्या वर असायची.

आधी मला राग आला. कापूस वेचणीचे दिवस, मजुरी बरी मिळते, म्हणून येत नसतील असं मनात धरून बसलो. मग पाळकसाहेब म्हणाले, राग धरण्यापेक्षा घरी जाऊन विचार. दोन आठवडे फिरलो, तेव्हा कळलं की प्रत्येक घराचं कारण वेगळं आहे. बाहेरच्या गावांना एस.टी.च्या संपामुळे यायला साधनच नाही. काळी-पिवळी दुप्पट घेते आणि कोंबून भरते. एका आजोबांना स्वतःची भीती नाही, आपल्यामुळे नातवाला काही होईल याची आहे. एका घरी सून म्हणाली, फोनवर ऐकते तेव्हा निदान स्वयंपाक करता करता सगळा संदेश ऐकायला मिळतो, चर्चमध्ये लेकरांमागे धावण्यात अर्धा जातो. आणि चार-पाच घरं अशी की ज्यांचं माणूस दुसऱ्या लाटेत गेलं. तिथे मी काही विचारलंच नाही, बसून आलो.

फोनचं सांगायला हवं. २०२० मध्ये १० एप्रिलला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) होता आणि सगळं बंद होतं. इंटरनेटवरची मोफत मीटिंग चाळीस मिनिटांत तुटायची, आणि निम्म्या घरांत साधे बटणांचे फोन. म्हणून साध्या कॉलवर पाच-सहा फोन जोडले. प्रत्येक गावात एक फोन ठरवला. तो ओट्यावर स्पीकरवर ठेवायचा आणि शेजारची घरं आपापल्या दारात बसून ऐकायची. येशूची वधस्तंभावरची सात वचनं त्या दिवशी सात घरांतून सात जणांनी वाचली. तेव्हापासून एकही रविवार चुकला नाही. चर्च बंद असताना घंटाही मी दर रविवारी देत राहिलो, कारण ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना वेळ कळायला दुसरं काही नव्हतं.

आता २८ तारखेला नाताळच्या तयारीचा आगमनकाळ सुरू होतो. मागच्या नाताळला पन्नासच माणसांची परवानगी होती. साठीच्या वरचे आणि दहाच्या आतले घरी. म्हणजे ज्यांच्यामुळे नाताळ नाताळ वाटतो ते सगळेच घरी राहिले. यंदा तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. तुमच्याकडे २४च्या रात्रीची उपासना, गाण्याची फेरी, प्रभुभोजन (भाकर-प्याल्याचा विधी), ३१ची रात्र हे सगळं कसं ठरतंय? आणि एक अवघड प्रश्न. आमची सात माणसं गेली. कुणाचीच प्रेतविधीची उपासना धड झाली नाही. नाताळाच्या आधी त्यांची नावं चर्चमध्ये वाचावीत का?

----

सातपुडा_नर्स
२१ नोव्हेंबर २०२१, रात्री १०:५५

दादा, सलाम. मी मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात आहे. सेवेचं बोलते, उपदेश समजू नका.

बंद जागेत सगळ्यांनी मिळून गाणं हे सर्वांत जोखमीचं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट भागात एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती. ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघं गेले. हात मिळवणं टाळलं होतं, पण खुर्च्या अगदी जवळजवळ होत्या. जवळ बसून बंद हवेत एकत्र गायले, तेवढं पुरलं.

तुमच्याकडे आवारात झाड असेलच. आपल्याकडे डिसेंबरचं ऊन ही देणगी आहे. दहा वाजता कडुलिंबाखाली सतरंज्या टाका, पेटी बाहेर आणा आणि मोकळ्याने गा. आत बसायचंच असेल तर सगळी दारं-खिडक्या सताड उघडी, उपासना पाऊण तासाची आणि गाणं दोन कडव्यांचं. थंडी वाजते म्हणून खिडक्या लावू नका, शाल आणायला सांगा.

आणि ज्या दिवशी गर्दी असेल त्या दिवशी लसीचं शिबिर ठेवता येतं का ते तुमच्या उपकेंद्रात विचारा. साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून लस सुरू आहे, तरी आमच्याकडे अजून कितीतरी म्हाताऱ्यांचा दुसरा डोस राहिलाय. पाळक स्वतः बाजूला उभे राहिले की लोक हात पुढे करतात, हे मी दोन गावांत पाहिलं.

----

वऱ्हाडी_बुढा
२२ नोव्हेंबर २०२१, सकाळी ८:१०

नातू टाइप करून राह्यला, मी सांगून राह्यलो. वय शहात्तर.

भाऊ, तुमी बंदच्या टाइमाले घंटा देल्ली, लय चांगलं केलं. आमच्या गावची घंटा तं बंदच होती. रविवार कोन्ता न् सोमवार कोन्ता, खाटीवर पडल्या पडल्या कायी समजेच ना.

आमच्या लहानपनी चोवीस तारखेले पाच-सहा गावच्या बंड्या चर्चाच्या आवारात सुटत. बैलं बांधले का बाया चुली मांडत. भरीत न् भाकर, जास्तीत जास्त रोडगे. रातभर शेकोटी, रातभर गानं. पहाटे घंटा झाली का थंड्या पान्यानं तोंड धुवून आत. कोनी घरी जाये ना. आता मोटरसायकल आली तं मानूस उपासना सुटल्यावर दहा मिन्टात घरी पोचते.

मले चालता येत नाई. फोनवर आयकतो. तो बी उपासनाच हाये. डोळे मिटले का मले सगळ्यायचे आवाज वळखू येतात, कोन खोकलं ते बी समजते. चर्च उघडलं म्हनून हा फोन बंद करू नका बाप्पा. माह्यासारखे लोक तं टाळेबंदीच्या आंधी बी घरीच होते. आमाले कोनी इचारलं नोतं. कोरोना आला तवा आमचा नंबर लागला.

----

पांढरी_माती
२२ नोव्हेंबर २०२१, दुपारी १:२५

काका, तुमचं शेवटचं वाक्य मी पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. आमच्या वहीत अंथरुणाला खिळलेल्यांची नऊ नावं आहेत. टाळेबंदीच्या आधी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन घेऊन जायचो, तेही जमलं तर. फोन सुरू झाल्यापासून ते दर रविवारी असतात. ही गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती, पण मी उपस्थिती मोजताना फक्त बाक मोजत होतो.

----

संत्र्याचा_मळा
२२ नोव्हेंबर २०२१, रात्री ८:३०

मोर्शीकडचा आहे. आमच्या मंडळीत मी वडील (कारभार पाहणारा ज्येष्ठ) म्हणून आहे, त्यामुळे थोडं वेगळं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका.

आजाऱ्यांसाठी फोन हवाच, त्यात वाद नाही. पण धडधाकट माणूस खाटेवर पडून उपासना ऐकतो आणि त्यालाच रविवार पाळला म्हणतो, हे मला बघवत नाही. आपसात एकत्र मिळणं सोडू नका असं इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे. मंडळी म्हणजे नुसता कानाने घ्यायचा संदेश नव्हे. शेजारी बसलेल्याच्या घरी काय चाललंय ते चेहऱ्यावरून कळतं. फोनवर सगळेच "ठीक आहे" म्हणतात. आमच्याकडे एका भावाचं कर्ज, त्याची झोप उडालेली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चर्च उघडं असतं तर मागच्या बाकावर त्याला पाहून कुणीतरी बाहेर धरलं असतं. देवाच्या दयेने तो वाचला, पण मी ते विसरलेलो नाही.

म्हणून आमचा ठराव असा की ईस्टरपर्यंत फोन चालू, मग फक्त आजाऱ्यांना. तारीख दिली नाही तर लोक कधीच उठणार नाहीत.

प्रभुभोजनाबद्दल: एक प्याला फिरवणं आम्ही बंद केलं. लहान लहान ग्लास आणलेत, घरून धुऊन आणायचे, घरी न्यायचे. भाकर पाळक चिमट्याने हातावर ठेवतात. अर्पणाची थाळी फिरत नाही, दाराशी पेटी ठेवली आहे.

----

चाकणचा_वऱ्हाडी
२२ नोव्हेंबर २०२१, रात्री ११:५०

मी चाकणला कंपनीत आहे, गाव दर्यापूरकडे. सात वर्षांत नाताळला सुट्टी दोनदाच मिळाली. मागच्या वर्षी २५ तारखेला शिफ्ट सुटल्यावर खोलीवर बसून मी आमच्या गावच्या मंडळीत होतो. आईचा आवाज आला, ती नेहमीसारखी ताल सोडून पुढे गाते, त्यावरून ओळखलं. संत्र्याचा_मळा काका, मी धडधाकट आहे. पण मी कोणत्या दाराने आत येऊ?

----

संत्र्याचा_मळा
२३ नोव्हेंबर २०२१, सकाळी ७:०५

बेटा, तुझा विचार मी केला नव्हता, हे मान्य करतो. आमच्याही मंडळीतली कितीतरी पोरं पुण्याला, सुरतेला आहेत. ठरावावर पुन्हा बोलू. पण तूही एक कर, चाकणला जवळपास जी मंडळी असेल तिथे एकदा जाऊन ये. तुझ्या शेजारी कुणीतरी बसायला हवं.

----

अमरावती_कॅम्प
२३ नोव्हेंबर २०२१, दुपारी ४:१५

आम्ही कॅथलिक, अमरावती धर्मप्रांतातले. आमच्याकडे बंदीच्या काळात रविवारच्या मिस्साला (उपासनेला) हजर राहण्याची सक्ती बिशपांनी उठवली होती, त्यामुळे घरी बसलेल्यांच्या मनावर पापाचं ओझं नव्हतं. हे फार महत्त्वाचं ठरलं. उघडल्यावर दाराशी पवित्र पाण्याचं पात्र कोरडं ठेवलंय, ख्रिस्तप्रसाद जिभेवर नाही, हातावर. शांतीचं चिन्ह म्हणून हात मिळवायचो, तिथे आता हात जोडून नमस्कार. मला तर हा नमस्कार आवडला, तो राहावा.

तुमच्या साध्या कॉलची किंमत आम्हाला या महिन्यात कळली. १३ तारखेपासून शहरात दंगलीमुळे संचारबंदी, इंटरनेट बंद. रविवारी १४ला ना जाता येत होतं, ना मोबाईलवर मिस्सा लागत होता. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका सिस्टरने साध्या फोनवर आठ-दहा घरांना एकेक करून शुभवर्तमान वाचून दाखवलं. त्या दिवसांत सगळ्यांच्याच घरात भीती होती, आमच्याही आणि शेजाऱ्यांच्याही.

----

दारातून_परत
२४ नोव्हेंबर २०२१, रात्री १:२०

मी इथे फक्त वाचते, कधी लिहिलं नाही. नावं वाचावीत का हा प्रश्न वाचला आणि तीन दिवस झोप नाही.

माझे मिस्टर एप्रिलमध्ये गेले. शहरातल्या दवाखान्यात. आम्हाला लांबून दाखवलं. माती तिकडेच झाली, आमच्या गावच्या कबरस्तानात नाही. घंटा नाही, गाणं नाही, एक फूल नाही. आमच्याकडे कुणी गेलं की मंडळी नऊ दिवस घरी येते, रोज प्रार्थना, रोज कुणाकडून तरी पोळी-भाजीचा डबा. माझ्या दारात कुणी आलं नाही. येऊ शकत नव्हते, मला माहीत आहे. तरी कुणी आलं नाही.

चर्च उघडल्यावर मी दोनदा गेले. दारापर्यंत. तिसऱ्या बाकावर खिडकीशी त्यांची जागा. एकदा तिथे दुसरंच कुणीतरी बसलं होतं आणि एकदा ती रिकामी होती. दोन्ही वेळा मला आत जाता आलं नाही. लोक म्हणतात, विश्वासात कमी पडली. मी रोज प्रार्थना करते. फोनवर उपासना ऐकते, कारण फोनमध्ये बाक नाही.

नाव वाचा. पण मला आधी सांगा कोणत्या दिवशी. आणि नाव वाचल्यावर लगेच पुढचं गाणं सुरू करू नका.

----

पांढरी_माती
२४ नोव्हेंबर २०२१, सकाळी ६:३०

ताई, पहाटे उठून तुमचं वाचलं. आम्ही आधीच यायला हवं होतं. लॉकडाऊन होतं तेव्हाचं सोडा, जूनपासून रस्ते उघडे होते, तेव्हाही आम्ही आलो नाही. आमच्या मंडळीतल्या सात घरांनाही आम्ही तसंच ठेवलं. यात माझा वाटा आहे.

तुम्ही कुठल्या मंडळीच्या ते विचारत नाही. पण आपण जवळपास असाल आणि तुम्हाला चालत असेल, तर मला निरोप पाठवा.

----

नागपूर_सदर
२४ नोव्हेंबर २०२१, सकाळी १०:४०

आम्ही सी.एन.आय. १९७० मध्ये २९ नोव्हेंबरला सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली ती इथे नागपुरातच. गेल्या वर्षी तिला ५० वर्षं पूर्ण झाली आणि तो दिवस नेमका आगमनकाळाचा पहिला रविवार होता. १६ नोव्हेंबरला चर्च उघडून जेमतेम दोन आठवडे झालेले. जिथे मांडव पडायचा तिथे मास्क लावून, एकेका बाकावर दोघं बसलो. आनंद होता आणि घशात आवंढाही होता.

नावांबद्दल आमचा अनुभव. पहिल्यांदा आम्ही एका दमात सगळी नावं वाचली आणि "कोरोनाने गेलेले" असं म्हटलं. दोन घरं दुखावली. एकाचा बाप तर हृदयविकाराने गेला होता, पण त्या दिवसांत गावाने त्याच्या घरावर शिक्का मारला आणि किराणा देणंही बंद केलं होतं. ती जखम पुन्हा उघडली. नंतर आम्ही रोगाचं नाव काढलं. फक्त "या दोन वर्षांत आपल्यातून प्रभूकडे गेलेले" म्हणालो, त्यात बाळंतपणात गेलेली एक मुलगीही आली, तिचीही उपासना झाली नव्हती. प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला. टोल्याचा आवाज विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही. घरच्यांना आठवडाभर आधी जाऊन विचारायचं. एका घराने नको म्हटलं, त्यांचं वाचलं नाही.

----

शेजारच्या_आळीतला
२५ नोव्हेंबर २०२१, रात्री ९:००

जय भीम. मी तुमच्या धर्माचा नाही, पण गावात चर्चच्या मागेच घर आहे. लहानपणापासून डिसेंबरात तुमची पोरं ढोलकी-खंजिरी घेऊन आमच्या अंगणात गातात, आई त्यांना चहा आणि फुटाणे देते. मागच्या वर्षी कुणी आलं नाही. चर्चवर बांबूला तारा लावता तोही नव्हता. आईने मला दोनदा विचारलं, यंदा तारा का नाही रे? बाकी काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण तारा लावा. तो आमच्या छतावरून दिसतो.

----

पांढरी_माती
६ डिसेंबर २०२१, रात्री १०:१५

काल मंडळीची बैठक झाली. इथल्या बऱ्याच गोष्टी मी तिथे जशाच्या तशा मांडल्या.

२४ची उपासना रात्री नाही, संध्याकाळी साडेपाचला, आवारात, कडुलिंबाखाली. अंधार पडता पडता मेणबत्त्या. डोंबिवलीत परवा ओमायक्रॉनचा रुग्ण सापडलाय, पुढे काय नियम येतील सांगता येत नाही, म्हणून रात्रीचं काही ठेवायचंच नाही असं ठरलं. यावर वाद झाला. मध्यरात्रीची घंटा ऐकली नाही तर नाताळ कसला, असं तिघा वडिलांचं म्हणणं. शेवटी घंटा मी एकटा रात्री बारा वाजता देणार, लोकांनी घरूनच ऐकायची.

गाण्याची फेरी पाच-पाचच्या टोळ्यांत, अंगणातच उभं राहायचं, घरात जायचं नाही. चहा नको म्हणणं अवघड आहे, आपल्याकडे लोक रागावतात. म्हणून प्रत्येकाने आपापला पेला खिशात ठेवायचा. बाहेरच्या गावांसाठी एस.टी. नाही, तर ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्या दोघांनी ट्रॉली काढायचं कबूल केलं, डिझेल मंडळी देईल. उघड्या ट्रॉलीत हवाही खेळती राहील.

नावं १९ डिसेंबरला, नागपूरकरांनी सांगितलं तशी. सातही घरी मी आणि पाळकसाहेब जाऊन आलो. सहांनी होकार दिला. सातव्या घरी आजीबाई म्हणाल्या, माझ्या पोराचं नाव माझ्या तोंडून निघू दे, तुमच्या नको. त्या स्वतः वाचणार.

बुढा काका, फोन चालू राहणार. हिशेबाच्या वहीत रिचार्जचं खातं कायमचं उघडलंय.

----

पांढरी_माती
२५ डिसेंबर २०२१, दुपारी ३:३०

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.

१९ तारखेबद्दल फार लिहीत नाही. आजीबाई उभ्या राहिल्या, नाव घेतलं, आणि मग बराच वेळ उभ्याच राहिल्या. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही.

काल दुपारीच कळलं की रात्री ९ ते सकाळी ६ पाचपेक्षा जास्त लोक जमायचे नाहीत असा आदेश आलाय, आणि चर्चमध्ये निम्मीच क्षमता. आमचं सगळं साडेपाचला असल्यामुळे काही हलवावं लागलं नाही. ट्रॉलीतून ३१ माणसं आली, एकूण ८४. इतक्या दिवसांनी लहान पोरं गव्हाणीभोवती कालवा करताना पाहिली.

एक गोष्ट सांगायची आहे, ताईंची परवानगी घेतली आहे. दारातून_परत ताई आमच्याच मंडळीच्या निघाल्या, पलीकडच्या गावच्या. आमच्या वहीतल्या सातांत त्यांचं घर आहे आणि मला या नावावरून ओळखू आलं नव्हतं. त्या काल आल्या नाहीत. पण लूकचा दुसरा अध्याय त्यांनी घरून फोनवर वाचला. मी फोन माईकसमोर धरला होता. मेंढपाळ रात्री कळप राखत होते तिथपर्यंत आल्या आणि फोन तुटला. मी पुन्हा लावत होतो, रेंज येत नव्हती, दोन-तीन मिनिटं गेली असतील. एकही माणूस बोललं नाही, लेकरंसुद्धा नाही. फोन लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "आहात का?" ८४ माणसं एकदम "आहोत" म्हणाली. मग त्यांनी मेंढपाळांपासून पुन्हा सुरू केलं.

रात्री बाराला घंटा दिली. तारा लावलाय. शेजारच्या आळीतल्या दादा, आईंना सांगा.

----

शेजारच्या_आळीतला
२५ डिसेंबर २०२१, रात्री ८:४५

आईने काल रात्री घंटा ऐकली. जागीच होती.

----

संत्र्याचा_मळा
१ जानेवारी २०२२, सकाळी ९:२०

आमच्याकडे ३१ची गडबड झाली. ३०च्या रात्री आदेश आला की कोणत्याही कार्यक्रमाला ५० जणच. आम्ही वर्षअखेरची उपासना चारला आणि सहाला अशी दोनदा घेतली. दोन्हीकडे साक्ष देणारे वेगळे होते, त्यामुळे मला दोन्ही ऐकायला मिळाल्या. पन्नासाच्या वरचे फोनवर होते. आमच्या ठरावातली ईस्टरची तारीख आम्ही काढून टाकली आहे. त्याऐवजी प्रत्येक वडिलाकडे फोनवरची आठ घरं दिली, त्यांनी महिन्यातून एकदा त्या घरी प्रत्यक्ष जायचंच.

----

सातपुडा_नर्स
२३ जानेवारी २०२२, रात्री १०:३०

तिसरी लाट आहे, ताप घराघरांत आहे, पण दवाखान्यात भरती कमी. लसीचा उपयोग होतोय. आमच्या तीन गावांत उपासना पुन्हा फोनवर. या वेळी कुणी घाबरलं नाही, काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

----

पांढरी_माती
१८ एप्रिल २०२२, सायंकाळी ६:५०

गुढीपाडव्याला निर्बंध उठले. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी पोरांनी नाल्याकाठून शिंदीच्या झावळ्या आणल्या, दोन वर्षांनी पहिल्यांदा मिरवणूक निघाली. उत्तम शुक्रवारची सात वचनं याही वर्षी सात घरांतून फोनवर वाचली आणि चर्चमध्ये ऐकली. ही पद्धत आता मंडळीला मोडायची नाही.

काल ईस्टरला नेहमीप्रमाणे पहाटे कबरस्तानात जमलो. ताई भावाच्या मोटरसायकलवर आल्या. त्यांच्या मिस्टरांची माती शहरात, इथे त्यांची कबर नाही. पाळकसाहेबांनी आधीच विचारून फाटकाजवळ त्यांच्यासाठी एक झेंडूचं रोप आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. त्यांनी ते सासऱ्यांच्या कबरीशेजारी लावलं. सूर्य वर आल्यावर सगळे चर्चकडे निघालो. त्या आत आल्या नाहीत, पायरीवर बसल्या. सातपुड्याकडच्या एक नर्सबाई पाहुण्या आल्या होत्या, त्या त्यांच्याजवळ बसल्या. दार उघडं ठेवूनच उपासना झाली. आत ९६ होते, पायरीवर दोघी, फोनवर १४ घरं. वहीत मी तिन्ही आकडे लिहिले.

----

चाकणचा_वऱ्हाडी
१८ एप्रिल २०२२, रात्री ११:१५

दादा, १४ घरांत एक खोली माझी होती. इथल्या मंडळीतही जाऊन आलो, काकांना सांगा. पुढच्या रविवारी फोन किती वाजता? शिफ्ट बदलली आहे.

----

पांढरी_माती
१९ एप्रिल २०२२, सकाळी ६:१०

उन्हाळ्यामुळे उपासना आता साडेसातला. मी सव्वासातला लावतो. दोन रिंग वाजून बंद झाला तर उचलू नकोस, परत लावेन. आधी बुढ्या काकांचा फोन जोडायचा असतो.